फाटकापाशी थांबलेला माणूस

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एकदा तरी असा क्षण येतो, की आपण कुठून आलो आणि कुठे चाललो आहोत, हा प्रश्न त्याला स्वतःला विचारावाच लागतो. त्याच्या आयुष्यात तो क्षण रेल्वेचं फाटक पडलं म्हणून आला. उत्तर अवघड नव्हतं. तो ऑफिसातून आला होता आणि स्टेशनच्या मागच्या एका हॉटेलची लिफ्ट तपासायला चालला होता. स्कूटर बंद करून, एक पाय जमिनीला टेकवून तो उभा राहिला आणि थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. बरं म्हणजे आनंदबिनंद नव्हे. ताप उतरलेल्या सकाळी अंगावरची चादर हलकी वाटते, तसं. शेजारच्या मोटारीतला माणूस खिडकीबाहेर हात काढून संत्रं सोलत होता आणि सालं मात्र शिस्तीत पुन्हा आत ठेवत होता. पुढे एका बाईनं हातातली पिशवी दोन पायांत धरून केस सोडले होते आणि ती ते सावकाश पुन्हा बांधत होती, घरात आरशासमोर उभी असल्यासारखी. कुणालाच कुठे जाता येत नव्हतं आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. एक लांबलचक मालगाडी आली. डब्यांमागून डबे जात राहिले, आणि दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडची, त्यांच्यासारखीच थांबलेली माणसं तुकड्या-तुकड्यांनी दिसत राहिली. मग फाटक वर गेलं. मागच्यानं हॉर्न वाजवला. तो दचकला. त्याच्या तोंडून "झालं एवढ्यात?" असं जवळजवळ बाहेरच पडलं. धक्का म्हणायचा तर एवढाच. एखाद्याची नोकरी जाते, एखाद्याला डॉक्टर काहीतरी भलतंच सांगतात. ह्याचं फाटक उघडलं.

त्या दिवशी हॉटेलची लिफ्ट त्यानं नेहमीच्या निगुतीनं तपासली, पण मन तिथे नव्हतं. लिफ्टचा तपासनीस हा तसा विचित्रच धंदा. आयुष्यभर प्रवास करायचा आणि पोचायचं कुठेच नाही. फार तर गच्चीवर. ऑफिसात त्याला पाठीमागे ब्रेकसाहेब म्हणत, आणि तोंडावरही म्हणत, कारण त्याला त्यात अपमान वाटत नसे. चालणाऱ्या लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो थांबणाऱ्या लिफ्टवर. दार उघडं राहिलं, थांब. वेग वाढला, थांब. दोरखंड सैल पडला, थांब. असल्या प्रत्येक जागी एक बारीकसा स्विच असतो, आणि ते सगळे एका साखळीत एकामागे एक ओवलेले असतात. त्यातला कुठलाही एक उघडला की अख्खी लिफ्ट आहे तिथे उभी. ह्या साखळीइतकी सुंदर गोष्ट माणसानं दुसरी केलेली नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ते त्यानं लग्नाआधीच बायकोला सांगून टाकलं होतं. म्हणजे तेव्हा ती त्याची बायको नव्हती. थर्मामीटरचा ट्रे घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये त्याच्याबरोबर अडकलेली एक शिकाऊ नर्स होती. हॉस्पिटलची लिफ्ट जुनी, त्यात दिवा मिणमिणता. तो नवाकोरा तपासनीस, नवाकोरा टाय. "घाबरू नका," तो म्हणाला होता, "लिफ्ट थांबलीय याचा अर्थ ती नीट काम करतेय." तिनं त्याच्याकडे, मग ट्रेकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. "आणि बिघडली की काय करते?" "तेव्हाही थांबते." "मग कळायचं कसं?" ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला त्या दिवशी आलं नाही, पुढेही आलं नाही. पण तिथे, त्या पिवळट उजेडात, स्पिरिटच्या वासात, कुणीतरी वरून हाका मारत असताना त्याला जे वाटलं होतं ते नेमकं काय होतं, हे इतक्या वर्षांनी फाटकापाशी त्याला आठवलं. तेव्हाही कुठे जाता येत नव्हतं. तेव्हाही कुणाचा दोष नव्हता.

चारआठ दिवसांनी तो खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात उभा होता. आपण इथे का आलो हे त्याला माहीत होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. दुकान अरुंद होतं, काचेची कपाटं छतापर्यंत गेलेली, आणि दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून एका इंजिनाच्या पोटात काहीतरी शोधत होता.

"किती वर्षांचा आहे?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"मुलगा. ज्याच्यासाठी घेताय तो."

"मुलगी आहे. नोकरी करते. परगावी असते."

दुकानदारानं आता चष्मा खाली घेतला आणि त्याला नीट न्याहाळलं. तिथे येणाऱ्या बहुतेकांची मुलं अशीच हाताबाहेर वाढलेली असावीत. "मग वरच्या फळीवरचं दाखवतो," तो म्हणाला, आणि शिडी लावली.

मुलीची खोली ती गेल्यापासून तशीच होती. तशीच म्हणजे बंद नव्हे; तिच्यात इस्त्रीचे कपडे, जास्तीच्या उशा आणि कुणी कधीच न वापरलेलं व्यायामाचं यंत्र येऊन राहिलं होतं. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. सगळ्यात वरची रेघ त्याच्या खांद्याशी येऊन थांबलेली, कारण त्यानंतर तिनं उभं राहायला नकार दिला होता. त्या खोलीत त्यानं जमिनीवर जुने कागद पसरले, चिकटपट्टीनं जोडले, आणि गुडघ्यांवर रांगत खडूनं रूळ आखायला सुरुवात केली. कागदावर सगळं सोपं दिसतं; खोलीत आलं की खिडकी आडवी येते, कपाटाचं दार उघडायला जागा लागते, आणि गाडीला वळण घ्यायचं तर ते एका मर्यादेपेक्षा आवळता येत नाही, आवळलं की डबे एकमेकांना कोपरखळ्या मारून खाली उतरतात. शिवाय हे सगळं ज्याच्यावर मांडायचं ते टेबल दोन भिंतींना लागून राहणार, म्हणजे कोपऱ्यात गाडी घसरली तर हात पोचला पाहिजे. तो जमिनीवर पालथा पडून, हात पुढे ताणून, बोटांनी खडू धरून आपली पोच मोजत होता तेव्हा बायको कामावरून आली. ती आता हॉस्पिटलात मोडलेल्या हाडांच्या विभागाची मोठी सिस्टर होती. दारातूनच पिशवी टाकून ती आत धावली.

"अहो! काय झालं? हात दुखतोय? डावा की उजवा?"

"दुखत नाहीये. कुठवर पोचतो ते बघतोय."

तिनं क्षणभर डोळे मिटले. मग पिशवी उचलली. "पोचला की उठा," ती म्हणाली, "आणि शर्ट धुवायला टाका."

आराखडा तयार झाला तो असा: गाडी स्टेशनातून निघणार, पुलावरून जाणार, डोंगराच्या पोटात शिरणार, भिंतीकडून वळून बाहेर येणार, आणि मग एका छोट्या रस्त्याला आडवी जाऊन परत स्टेशनात. तिथे एक फाटक. बाकीचा सगळा खटाटोप, पूल, बोगदा, स्टेशन, डोंगर, हा त्या एका फाटकासाठी होता. पण एका फाटकासाठी खोली अडवतोय असं सांगितलं तर घरात कुणी ऐकून घेतलं नसतं, आणि डोंगर म्हटला की लोक जरा वचकून असतात.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. बायकोनं तो स्वयंपाकघरात घेतला, ओट्याला टेकून, खूप वेळ. तो खोलीत फळ्या कापत होता, त्यामुळे त्याला फक्त हसणं ऐकू आलं, मग "बरं, बरं" असं, मग पुन्हा हसणं. नंतर ती हात पुसत दारात आली आणि करवतीखालच्या भुशाकडे बघत उभी राहिली.

"ती येतेय. पुढच्या महिन्याच्या शेवटी. ऑफिसचं काहीतरी काम आहे."

त्याला आनंद झाला. आणि आनंदाच्या मागोमाग, दाराशी घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा, दुसरा विचार आत आला. "म्हणजे खोली?"

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. "ऐका. ती यायच्या दिवसापर्यंत तुमच्या गाडीनं एक अख्खी फेरी मारली, मध्ये कुठे न थांबता, तर टेबल राहील. पोरीच्या झोपण्याचं मी बघेन. नाही मारली, तर सगळं माळ्यावर."

"झोपण्याचं काय बघशील?"

"ते माझ्यावर सोडा. तुम्ही गाडीचं बघा."

तिचं म्हणणं वाजवी होतं. तिचं म्हणणं नेहमीच वाजवी असे, आणि त्यामुळेच त्यात पळवाट नसे. त्या घरात त्याच्या हातून अर्धवट राहिलेल्या गोष्टी ओळीनं मांडल्या असत्या तर बाहेरच्या दारापर्यंत गेल्या असत्या: बाल्कनीतली एका बाजूनंच रंगवलेली जाळी, गिटार, परकीय भाषा शिकण्याच्या पुस्तकाचा पहिला भाग. टेबल माळ्यावर गेलं की ते त्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आणि आपण आता पन्नाशी ओलांडलेली आहे, इथून पुढे नव्या गोष्टी फारशा सुरू होणार नाहीत, अर्धवट राहण्यासाठीसुद्धा नाहीत, हेही त्याला दिसत होतं; पण ते तो जास्त वेळ बघत बसला नाही, कारण सरस वाळत होता.

पुढचे दिवस त्याच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. ते चांगले आहेत हे त्याला तेव्हाच कळत होतं, हे विशेष. ऑफिसातून घरी येताना तो रस्त्यावरच्या गोष्टी आता वेगळ्या नजरेनं बघे. भिंतीवरचं शेवाळ कुठल्या रंगाचं असतं? हिरवं नसतं, करडं असतं, आणि कडेला पिवळं. डांबर काळं नसतं. झाडांच्या सावल्या खोडाशी गडद असतात. चहाचा चोथा त्यानं खिडकीत वाळवला. तो चाळून गोंदावर भुरभुरला की हुबेहूब शेतातली माती होई, फक्त पहिले दोन दिवस खोलीत शिरल्यावर चहा प्यावासा वाटे. लाकडाचा भुसा रंगवून गवत झालं. रुळांखालची खडी म्हणून त्यानं बारीक वाळू चाळून पसरली, आणि ती उडू नये म्हणून पातळ गोंद थेंबाथेंबानं सोडायचा होता, तर बायकोनं हॉस्पिटलातल्या रिकाम्या सिरिंज आणून दिल्या. "हवा काढून घ्या आधी," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली सिरिंज घेऊन उभी धरून टिचकी मारून दाखवली. डोंगर तर तिनंच केला म्हणायला हरकत नाही. जाळी वाकवून त्यानं उंचवटा तयार केला होता आणि त्यावर कागदाचे बोळे चिकटवत होता. ती थोडा वेळ बघत राहिली, तिला ते बघवेना, मग तिनं बाह्या सारल्या, प्लास्टरच्या पट्ट्यांची गुंडाळी पाण्यात बुडवली आणि डोंगराला तळापासून वर, अर्धी पट्टी अर्ध्या पट्टीवर घेत, सफाईनं गुंडाळत गेली. तिच्या बोटांखाली पांढरा ओला डोंगर गुळगुळीत होत गेला. "कोमट लागेल जरा," तिनं डोंगराला नव्हे, सवयीनं म्हटलं. "दोन दिवस हलवायचं नाही. भार द्यायचा नाही." तो बोगद्याच्या तोंडाशी बोटं घालून उभा होता आणि आतून प्लास्टर खरोखरच गरम होत होतं. ह्या बाईच्या हाताखालून गेल्या तीस वर्षांत किती पाय गेले असतील, आणि ते सगळे आता कुठेतरी चालत असतील, असा एक मोठा विचार त्याच्या मनात आला. तो त्यानं बोलून दाखवला नाही. ती म्हणाली असती, काही लंगडत असतील.

माणसं आणायला तो पुन्हा दुकानात गेला. नखाएवढी माणसं, पाकिटात उभी चिकटवलेली.

"नुसती उभी राहिलेली आहेत का?" त्यानं विचारलं. "थांबलेली. वाट बघणारी."

"सगळी तीच आहेत, साहेब," दुकानदार म्हणाला. "पाय एका जागी चिकटवल्यावर माणूस आणखी काय करणार?"

त्यानं संत्रं सोलणाऱ्यासाठी एक निळी मोटार घेतली, पिशवीवाल्या बाईसाठी एक बाई, आणि एक स्कूटरस्वार. स्कूटरस्वाराचे दोन्ही पाय पायदानावर होते. त्यातला एक त्यानं तापलेल्या सुईनं वाकवून जमिनीला टेकवला. हेल्मेट पांढरं रंगवलं, कारण त्याचं स्वतःचं पांढरं होतं. मग रस्त्यावर फाटकाच्या दांड्याशी त्यानं त्याला चिकटवला. अगदी पुढे, सगळ्यांच्या पुढे, रुळांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. गाडी नीट दिसायला हवी. इथपर्यंत सगळं कुठल्याही माणसानं केलं असतं तसंच झालं. पुढे जे केलं ते फक्त लिफ्टचा तपासनीसच करू शकतो.

त्यानं गाडीला साखळी लावली. रुळांचे सांधे नीट बसले नाहीत, तर गाडी हलू नये. डोंगराचं झाकण उघडं असेल, तर हलू नये. पुलाच्या कठड्याचा खिळा निघाला, तर हलू नये. फाटकाचा दांडा पूर्ण खाली टेकला नसेल, तर अजिबातच हलू नये. प्रत्येक जागी पिनेच्या डोक्याएवढा स्विच, सगळे एकामागे एक. आणि लिफ्टमध्ये असतो तोच मोठा नियम: साखळी एकदा, पापणी लवण्याएवढा वेळ का होईना, तुटली, की ती पुन्हा जुळली तरी गाडीनं आपण होऊन निघायचं नाही, माणसानं येऊन, बघून, लाल बटण हातानं दाबायचं. टेबलाखाली वाकून रंगीत वायरींची ती वेणी बघताना त्याचे डोळे भरून आले. त्यात मानेच्या दुखण्याचाही भाग होता.

पहिल्यांदा गाडी सोडली तेव्हा ती स्टेशनातून निघाली, पुलावर चढली, बोगद्यात गेली, बाहेर आली, आणि फाटकाच्या वीतभर अलीकडे उभी राहिली.

"थांबली," बायको म्हणाली.

"थांबणारच. साखळीत कुठेतरी काहीतरी आहे. नीट काम करतेय."

"हे मी पूर्वी कुठेतरी ऐकलंय," ती म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

त्यानं सगळे स्विच तपासले. सगळे ठीक होते. लाल बटण दाबलं. गाडी निघाली, फाटकातून गेली, पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच येऊन थांबली. कधी वीतभर अलीकडे, कधी फाटकाच्या अगदी तोंडाशी. थांबली की तो तपासायचा. तपासलं की दोष नसायचा. छोटासा दिवा जोडून त्यानं फाटकाचा स्विच बघितला, दिवा लागला. टोचणीनं सांधे बघितले, चोख. ऑफिसात त्याच दिवसांत स्टेशनमागच्या त्या हॉटेलची तक्रार आली होती: लिफ्ट मध्येच थांबते. तो जाऊन आला. लिफ्ट वर गेली, खाली आली, एखाद्या पाहुण्यांसमोरच्या मुलीसारखी गुणी वागली. मॅनेजर हात चोळत म्हणाला, "साहेब, तुम्ही आलात की बघा कशी सुतासारखी सरळ!" तो म्हणाला, "हेच मला आवडलं नाही," आणि दाराला दोरी बांधून, शिक्का मारून, लाल पाटी लावून आला. दोष सापडेपर्यंत बंद. मॅनेजर मागून ओरडत होता, की माणसं सामान घेऊन जिना कसा चढणार. त्याला त्यानं जिन्याच्या कठड्याची लाकडी मूठ सैल झाल्याचं दाखवलं आणि तीही बसवून घ्यायला सांगितली. लिफ्टच्या बाबतीत एवढं सोपं होतं. घरच्या गाडीला मात्र लाल पाटी लावण्याचा पर्याय बायकोनं खुला ठेवलेला नव्हता.

दिवस सरत आले तसा मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. पडदे आणि पलंग बसवून देण्याचा त्याचा धंदा, त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तू कशातून तरी आत जातात किंवा जात नाहीत, अशा दोन गटांत तो त्या बघे. तिनंच बोलावलं होतं त्याला. स्टुलावर चढून त्यानं माळ्याचं तोंड मोजलं, खाली उतरून टेबल मोजलं, आणि फीत पट्कन आत सोडून दिली.

"भावजी, अख्खं जाणार नाही," तो सहानुभूतीनं म्हणाला. "इथून कापलं तर जाईल." आणि त्यानं बोटानं एक रेघ मारली. ती फाटकावरून गेली.

त्या रात्री जेवताना बायकोनं दोनदा मीठ पुढे केलं, त्यानं दोनदा घेतलं. कापायचंच आहे तर आपणच कापू, मेहुण्याच्या हातून नको, असं त्याच्या मनात चाललं होतं. किंवा साखळी काढून टाकावी; एक वायर तोडून दुसरीला थेट जोडली की गाडी बेफाम धावेल, फाटक उघडं असो की बंद. पाच मिनिटांचं काम. पण मग ते फाटक फाटक राहणार नाही; नुसती वर-खाली होणारी काडी होईल, आणि त्या काडीपाशी ती माणसं कशासाठी थांबली आहेत हे त्यांना कुणी सांगू शकणार नाही. ज्याला थांबवण्याचा खरा अधिकार आहे अशाच फाटकापाशी थांबण्यात काही अर्थ आहे. हे सगळं त्यानं मनातल्या मनात इतक्या गांभीर्यानं मांडलं, की बायकोनं विचारलं, "खारट झालंय का?"

मुलगी यायची ती संध्याकाळी. सकाळी बायकोची सुट्टी होती. ती चहाचे दोन कप घेऊन खोलीत आली, एक त्याला दिला, आणि गाडीसमोर नव्हे, तर टेबलाच्या कडेशी, डोळे टेबलाच्या पातळीवर येतील अशी स्टुलावर बसली. वॉर्डात ती प्लास्टर बघायची ते असंच बघायची. वरून नव्हे, आडवं. "सोडा," ती म्हणाली. त्यानं सोडली. गाडी पुलावरून गेली, डोंगरात शिरली. बाहेर आली. टेबल किंचित थरथरत होतं. कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. फाटकाजवळ गाडी थांबली.

"परत," ती म्हणाली. "पण तुम्ही गाडीकडे बघू नका. इकडे या. ह्याच्याकडे बघा."

तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. तिचं बोट स्कूटरस्वाराकडे होतं. फाटकाचा दांडा खाली आला होता, पण पूर्ण टेकलेला नव्हता. तो स्कूटरस्वाराच्या पांढऱ्या हेल्मेटवर विसावला होता. केसभर, त्याहून जास्त नाही. स्विच लागत होता, पण जेमतेम, बोटाच्या टोकानं दार धरून ठेवावं तसा. गाडी लांब असताना सगळं ठीक. गाडी जवळ आली, टेबल थरथरलं, की दांडा हेल्मेटवर नाचायचा, साखळी क्षणभर तुटायची, गाडी उभी. गाडी उभी राहिली की थरथर संपली, दांडा पुन्हा गुमान बसला, आणि मग दिवा घेऊन तो तपासायला यायचा तेव्हा सगळं चोख.

तो बराच वेळ त्या नखाएवढ्या माणसाकडे बघत राहिला. इतके दिवस त्यानं पूल तपासला होता, सांधे तपासले होते, डोंगराचं झाकण तपासलं होतं. ह्याला तपासायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. हा तर नुसता थांबला होता.

"कुणाचंही काही चाललं असो," बायको म्हणाली, "ह्याला आपलं पुढे जाऊन नाक खुपसायचं. मागे उभं राहून दिसत नाही का गाडी?"

"दिसते," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "दिसेल."

तिनं पर्समधून टाके काढायचा चिमटा आणि ब्लेड काढलं, स्कूटरस्वाराला कंबरेत धरलं आणि बुडाशी ब्लेड फिरवून अलगद उचललं. रस्त्यावर गोंदाचे दोन ठिपके राहिले. मग तिनं त्याला निळ्या मोटारीच्या शेजारी, जरा मागे, बाईच्या पिशवीपाशी ठेवलं. त्याला वाटलं होतं की तिथून ती जागा तितकीशी चांगली नसेल. पण त्यानं टेबलाच्या पातळीवर डोळे आणून बघितलं, तर तिथून गाडीही दिसत होती आणि बाईचे केसही, आणि संत्रंसुद्धा दिसलं असतं, कुणी हातात दिलं असतं तर. त्यानं फाटक खाली सोडलं. दांडा खाली आला आणि टक् असा आवाज झाला. आजपर्यंत तो आवाज कधी आलाच नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं लाल बटण दाबलं, गाडी निघाली. पूल. डोंगर. तो श्वास धरून होता. बायको चहा पीत होती. गाडी बोगद्यातून बाहेर आली, फाटकातून गेली, थांबलेल्या माणसांच्या समोरून डब्यामागून डबा गेला, आणि ती स्टेशनात शिरली. ती पुन्हा निघाली.

"नीट काम करतेय?" बायकोनं विचारलं.

"थांबत नाहीये," तो म्हणाला. "त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

संध्याकाळी मुलगी आली. आल्या आल्या चपला काढून ती खोलीतल्या स्टुलावर बसली आणि पोटऱ्या दाबायला लागली. मग तिनं टेबल बघितलं. त्यानं गाडी सोडली. तिनं तीन-चार फेऱ्या बघितल्या, हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवून, लहानपणी लिफ्टची सगळी बटणं दाबून ठेवायची तेव्हा जसा चेहरा करायची तसा चेहरा करून.

"बाबा, हे तुम्ही ना? स्कूटरवर?"

"कुणीही असेल."

"हेल्मेट बघा की. आणि मागे का उभे आहात? तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे घुसता."

"आईनं घेतलं मागे."

"आणि आई कुठेय?"

"मी ड्यूटीवर आहे," बायको दारातून म्हणाली. "डोंगर कुणी केला विचार."

तिनं डोंगर टिचकी मारून बघितला. मग स्वतःच फाटकाचा दांडा वर केला, गाडी थांबली; खाली केला, तरी गाडी थांबलेलीच; आणि त्यानं तिला लाल बटण दाखवलं, का दाबायचं ते समजावून सांगितलं, आणि तिनं ते मान डोलावत, निम्मं ऐकत, ऐकलं. जेवण झालं. गप्पा झाल्या. तो मधूनच उठून खोलीत जाऊन टेबल तिथेच आहे ना ते बघून येत होता. त्याला फार बरं वाटत होतं. सकाळी फाटकाचा टक् आवाज झाला त्यानंतर ते तसंच राहिलं होतं, आणि कुणी मागून हॉर्नही वाजवत नव्हतं. शेवटी त्यानं बायकोला हळूच विचारलं, की पोरीला झोपायला कुठे देणार आहेस, हॉलमध्ये की आपल्या खोलीत. ते मुलीनं ऐकलं.

"मी कुठे राहतेय, बाबा? मी निघाले आता. कंपनीनं हॉटेल दिलंय, स्टेशनच्या मागे. मी आईला पहिल्या फोनवरच सांगितलं होतं."

त्यानं बायकोकडे बघितलं. बायको टेबलावरचे कप गोळा करत होती.

मुलगी चपला घालताना पुन्हा पोटऱ्या दाबत होती. तिची खोली पाचव्या मजल्यावर होती आणि लिफ्टला लाल पाटी लावलेली होती.